ग्रिझलीच्या रानात शिकारीला जाताय? कमरेला कुठली गन लावायची ते कसं ठरवायचं

सिएटल, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी इकडे राहणारी आपली काही मंडळी आता सप्टेंबर आला की माँटाना, वायोमिंग, आयडाहोला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायला लागली आहेत, कुणी ऑफिसमधल्या मित्राबरोबर, कुणी स्वतःच कोर्स करून. आणि पहिलाच प्रश्न येतो तो हा, की तिकडे ग्रिझली अस्वलं आहेत म्हणे, मग एखादी हँडगन बरोबर ठेवावी का, आणि ठेवायची तर कुठली? दुकानात गेलात तर काउंटरवरचा माणूस सगळ्यात मोठी गन हातात देतो, यूट्यूबवर बघितलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात. मी इथे माझं मत क्रमाने सांगतो, नवीन माणसाला लागेल तेवढं सगळं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो: घाबरलेल्या अवस्थेत, हातात ग्लव्ह असताना, दोन सेकंदांत काढून पाच-सात मीटरवर वहीच्या पानाएवढ्या जागेत जी गन तुम्ही दोन-तीनदा मारू शकता तीच तुमची गन. कॅलिबरचा, म्हणजे गोळी केवढी त्याचा, विचार त्याच्यानंतर.

आधी बघा, तुम्ही जाताय तिथे अस्वल कुठलं आहे

ही पायरी लोक सरळ सोडून देतात. कोलोरॅडो, युटा, कॅलिफोर्निया इथे शिकार करत असाल तर तिथे फक्त ब्लॅक बेअर आहे, कोलोरॅडोत शेवटचं ग्रिझली १९७९ साली मारलं गेलं आणि त्याच्यानंतर तिथे ग्रिझली नाही. ब्लॅक बेअर बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागली की पळतं, त्याच्यासाठी जास्त ताकदीची मॅग्नम गन कमरेला लावून फिरायची गरज नाही, बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, भरपूर झाला. खरा प्रश्न आहे तो यलोस्टोनच्या भोवतालचा भाग, ग्लेशियर पार्कपासून खाली येणारे माँटानाचे डोंगर, आयडाहोचा वरचा टोकाचा भाग, आणि अलास्का. अलास्कात ब्राउन बेअर (ग्रिझली त्यातलंच) अंदाजे ३० हजार आहेत आणि कोडिएक बेटावरचा मोठा नर ६०० किलोच्या वर जाऊ शकतो, रॉकीजमधलं ग्रिझली त्यामानाने लहान, पण लहान म्हणजे तरी नर २०० ते ३०० किलोच्या आसपास.

आणि ओळखायला शिका. रंगावर अजिबात जाऊ नका, ब्लॅक बेअर तपकिरी पण असतं आणि अगदी फिकट पिवळट पण असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर स्नायूचा उंचवटा असतो, चेहरा मधे खोलगट, कान छोटे गोल आणि नखं लांब. माँटानाच्या वन्यजीव खात्याची ओळखायची ऑनलाइन टेस्ट आहे, फुकट आहे, देऊन टाका.

शिकाऱ्यालाच धोका जास्त का

हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात म्हणून इथे जरा थांबतो. साधा ट्रेकर काय करतो, गप्पा मारत, काठी आपटत, पायवाटेने दुपारी चालतो, अस्वलाला लांबूनच कळतं आणि ते बाजूला होतं. शिकारी बरोबर उलटं करतो. पहाटे आणि संध्याकाळी फिरतो जेव्हा अस्वल पण फिरतं, आवाज करत नाही, अंगावर कॅमो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतो म्हणजे वास पण जात नाही, आणि वर एल्कच्या मादीचा आवाज काढतो म्हणजे जवळच्या अस्वलाला सांगतोच की इकडे जेवण आहे. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे अस्वल थंडीच्या झोपेआधी चरबी साठवायला दिवसभर खात सुटलेलं असतं.

मग एल्क पडला की खरं काम सुरू होतं. २५०-३०० किलोचं जनावर, ते फाडायचं, मांस वेगळं करायचं, दोन-तीन तास गुडघ्यावर बसून, हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, मान खाली, रायफल झाडाला टेकवलेली चार-पाच मीटर लांब. वाऱ्याबरोबर रक्ताचा वास खाली दरीत जातोय. अस्वल येतं ते या वेळी, किंवा दुसऱ्या दिवशी तुम्ही उरलेलं मांस न्यायला परत जाता तेव्हा ते आधीच त्या ढिगावर बसलेलं असतं आणि आता ते जेवण त्याचं झालेलं असतं.

म्हणून साइडआर्म, म्हणजे कमरेला किंवा छातीला असलेली छोटी गन. ताकदीत ती रायफलच्या किंवा १२ गेज शॉटगनच्या स्लगच्या (एकाच जाड गोळीच्या) जवळपास पण येत नाही हे नीट लक्षात ठेवा. तिचा फायदा एकच आहे, दोन्ही हात कामात असताना ती अंगावर असते. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याकडे तर दुसरं काहीच नसतं. मात्र आर्चरी सीझनमध्ये हँडगन बरोबर ठेवता येते का हे त्या त्या राज्याच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघा, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, आणि परवानगी असली तरी त्याने शिकारीचं जनावर मारता येत नाही.

स्प्रे आधी घ्या, गन नंतर

हे वाचून काही जण लेख बंद करतील पण मला हे मनापासून सांगायचंय. अलास्कातल्या घटनांवर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो वगैरे संशोधकांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना, त्यात स्प्रेमुळे ब्राउन बेअरचं नको ते वागणं थांबलं ते ९२ टक्के वेळा, आणि स्प्रे जवळ असलेल्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. त्याच लोकांचा २०१२ चा बंदुकांवरचा अभ्यास, २६९ घटना, त्यात हँडगन ८४ टक्के वेळा उपयोगी पडली आणि लाँग गन (रायफल, शॉटगन) ७६ टक्के. गनवाले लोक फक्त ८४ चा आकडा सांगतात आणि स्प्रेवाले फक्त ९२ चा. दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या पद्धतीने गोळा केलेल्या आहेत, शेजारी शेजारी ठेवून कोण जिंकलं असं काढता येत नाही. पण त्या दुसऱ्या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: जवळून झालेल्या गाठीत बंदूक वापरली काय आणि नाही वापरली काय, इजा होण्याचं प्रमाण सारखंच होतं. म्हणजे नुसती बंदूक जवळ असून काही होत नाही, ती वेळेवर निघाली पाहिजे आणि लागली पाहिजे.

स्प्रेला अचूक नेमाची गरज नाही, ढग तयार होतो, सात-नऊ मीटरवर अस्वल त्या ढगात येतं. वारा उलटा असेल, कडाक्याची थंडी असेल तर त्याचा जोर कमी होतो हे पण खरं. घेताना ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं) रजिस्ट्रेशन असलेलाच घ्या, २२५ ग्रॅमच्या वरचा कॅन, तारीख बघून, कारण तीन-चार वर्षांनी तो बाद होतो. स्वसंरक्षणाचा पर्समधला पेपर स्प्रे इथे चालत नाही. माझ्या मते दोन्ही बरोबर ठेवा, आणि कुठला हात कशाकडे जाणार हे घरीच ठरवून ठेवा.

कायदा, आणि व्हिसावाल्यांनी हे दोनदा वाचा

मी वकील नाही, शंका असेल तर वकिलालाच विचारा, पण ही गोष्ट आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ असे नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घ्यायलाच नाही, बाळगायला. मित्राची हातात घेतली, रेंजवर भाड्याने घेतली, ते पण त्यात येतं. याला काही अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ते खिशात आहे तोपर्यंत ठीक, ज्या दिवशी त्याची मुदत संपली त्या दिवशी घरातल्या कपाटात असलेली गन हा गुन्हा झाला. शिवाय काही राज्यांत परदेशी नागरिकाला वेगळा परवाना लागतो. नवऱ्याकडे लायसन्स आहे म्हणून बायकोचं भागत नाही, प्रत्येकाचं वेगळं पाहिजे, आणि घरात एकाकडे नसेल तर तिजोरीचा नंबर त्याला माहीत नसलेला बरा. इमिग्रेशनमध्ये बंदुकीचा गुन्हा म्हणजे पुढची सगळी वाट बंद होऊ शकते, त्यामुळे इथे अंदाजाने चालू नका.

ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो, तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा. हँडगन तुम्ही राहता त्याच राज्यात घ्यावी लागते, माँटानाला ट्रिपला गेलो आणि तिथे स्वस्त मिळाली म्हणून उचलून आणली असं करता येत नाही. न्यूजर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात आधी वेगळा परवाना, वाट बघायचे दिवस, मॅगझिनमध्ये दहाच्या वर राउंड नको असे नियम आहेत, ते आधी वाचून मगच मॉडेल ठरवा. आयडाहोत परमिटशिवाय कपड्याखाली झाकून बाळगायची मुभा आहे पण ती अमेरिकन नागरिकांसाठी, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनी उघडं होल्स्टर ठेवणं सोपं.

नॅशनल पार्कमध्ये फेब्रुवारी २०१० पासून त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे गन बरोबर नेता येते, पण चालवता येत नाही आणि व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नेता येत नाही. यलोस्टोनच्या हद्दीला लागून शिकार करणाऱ्यांनी नकाशावर ती रेघ कुठे आहे ते नीट बघा.

आता कॅलिबर

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. माझं मत थोडक्यात असं आहे, की रॉकीजमधल्या नवीन शिकाऱ्याला १० एमएम पिस्तूल (मॅगझिनवालं) किंवा ३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर (फिरत्या सिलिंडरचं), आणि ज्याचा हात आधीच बसलेला आहे किंवा जो अलास्काच्या किनाऱ्यावर जातोय त्याला ४४ मॅग्नम. त्याच्या वरचं बहुतेकांनी घेऊ नये.

४४ मॅग्नम १९५५ पासून आहे आणि अलास्कात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. २४० ते ३०० ग्रेनची बुलेट (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम), हाडातून आरपार जायची ताकद, जगभर मिळते. अडचण एकच, रिकॉईल, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का. स्मिथ अँड वेसन कंपनीचं ६२९ मॉडेल स्टीलचं सव्वा किलोच्या आसपास, त्यात वजनामुळे धक्का सहन होतो. त्यांचंच ३२९पीडी हलकं, जेमतेम सव्वासातशे ग्रॅम, दिवसभर कमरेला जाणवत पण नाही, म्हणून लोक हौसेने घेतात आणि पूर्ण ताकदीचे पाच-सहा राउंड मारले की तळहाताची कातडी सोलवटते, मग रेंजवर जायचं टाळतात. ज्या गनची प्रॅक्टिस करावीशी वाटत नाही ती घेऊ नका. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन अडीच इंची नळीचं, मजबूत आहे, जड आहे, पण आखूड नळीमुळे आवाज आणि ज्वाळ भयंकर.

१० एमएम १९८३ चं. अलीकडे रॉकीजमधल्या शिकाऱ्यांच्या छातीवर हेच जास्त दिसतं आणि त्यात ग्लॉक २०. पंधरा राउंड, भरून पण सव्वा किलोच्या आत, पावसात चिखलात चालतं, धक्का ४४ च्या मानाने बराच कमी त्यामुळे दुसरी-तिसरी गोळी पटकन जाते. ईशान्य ग्रीनलंडमध्ये गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक पोलर बेअरसाठी हीच गन ठेवतं. एका गोळीची ताकद ४४ पेक्षा नक्कीच कमी आहे, ते नाकारायचं कारण नाही, पण नवीन माणसाची ४४ ची पहिली गोळी चुकली तर दुसरीला वेळच नसतो. एक बघून घ्या, ग्रिप जाड आहे, हात लहान असेल तर चापापर्यंत बोट नीट पोचतं का ते दुकानात धरून बघा.

३५७ मॅग्नम, १९३५ पासूनचं. १८० ग्रेनच्या जड हार्डकास्ट (कडक शिशाच्या) बुलेटबरोबर मी याला रॉकीजपुरतं चालणारं म्हणेन, त्यातल्या त्यात खालची पायरी. मोठा फायदा असा की त्याच रिव्हॉल्वरमध्ये ३८ स्पेशल चालतं, हलकं आणि स्वस्त, शिकायला उत्तम. तसंच ४४ मॅग्नममध्ये ४४ स्पेशल चालतं.

४५४ कॅसुल, ४६० आणि ५०० स्मिथ अँड वेसन यांची ताकद खरीच आहे, पण ५०० ची गन दीड किलोच्या वर जाते आणि दुसरी गोळी मारायच्या आधी नळी आभाळाकडे गेलेली असते. यांच्यात पारंगत लोक आहेत, वर्षानुवर्षं मारतायत. तुम्ही पहिली गन घेत असाल तर हा विषय तुमचा नाही.

आणि ९ एमएम? २०१६ साली अलास्कात एका अनुभवी गाईडने अंगावर आलेलं ब्राउन बेअर ९ एमएमनेच थांबवलं होतं, जड हार्डकास्ट बुलेट वापरून. ते उदाहरण सगळे सांगतात. तो माणूस आयुष्यभर अस्वलांच्या प्रदेशात गाईड म्हणून राहिलेला आहे हे कुणी सांगत नाही. तुमच्याकडे आधीच ९ एमएम असेल आणि त्यावर हात बसला असेल तर घरी ठेवून मोकळ्या हाताने जाण्यापेक्षा ती न्या, बुलेट बदलून. नवीन घ्यायची असेल तर ९ घेऊ नका.

रिव्हॉल्वर की पिस्तूल

रिव्हॉल्वरचं बलस्थान अगदी शेवटच्या क्षणाचं आहे. अस्वल अंगावर आहे, नळी त्याच्या अंगाला टेकलेली आहे, अशा वेळी सेमी-ऑटो पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) दाबली जाऊन थोडी मागे जाते आणि मग गोळी सुटतच नाही, किंवा एक सुटते आणि पुढची कपड्यात-केसात अडकते. रिव्हॉल्वरला हा त्रास नाही, चाप ओढला की सिलिंडर फिरून पुढची गोळी समोर येते, गोळी फुटली नाही तरी परत ओढा. पिस्तुलाचं बलस्थान त्याच्या आधीच्या दोन सेकंदांचं, जास्त राउंड, कमी धक्का, भराभर मारता येतं. मी नवीन माणसाला पिस्तूल सुचवतो कारण तो शेवटचा क्षण येऊच नये हा सगळा खटाटोप आहे. पण पिस्तूल पकड ढिली असेल तर जॅम होतं, रिव्हॉल्वर होत नाही, मनगट कमजोर असणाऱ्यांनी, विशेषतः पहिल्यांदाच शिकणाऱ्यांनी हे रेंजवर स्वतः बघावं. भाड्याने दोन्ही मिळतात, एक-एक डबा मारून बघा, मगच पैसे टाका.

बुलेट

इथे चूक झाली तर वरचं सगळं वाया. घरात चोरासाठी ठेवायची हॉलो पॉइंट बुलेट शरीरात शिरली की उमलते आणि थांबते, माणसासाठी तसंच पाहिजे असतं. अस्वलाला चरबी, जाड स्नायू आणि मग हाड आहे, तिथे उमलणारी बुलेट वरच्या वर थांबते. पाहिजे ती खोल जाणारी, सपाट टोकाची हार्डकास्ट शिशाची, किंवा पूर्ण तांब्याची. बफलो बोअर, अंडरवूड या कंपन्या अशी काडतुसं करतात, १० एमएममध्ये २०० ते २२० ग्रेन, ४४ मध्ये २४० च्या वर.

ग्लॉकच्या मूळ नळीत नुसत्या शिशाच्या बुलेट वापरू नका असं कंपनी सांगते, नळीत शिसं साठतं आणि दाब वाढतो. म्हणून कोटिंग असलेली घ्या किंवा तांब्याची, किंवा वेगळी नळी बसवून घ्या. आणि जी काडतुसं रानात नेणार तीच मॅगझिनभर तरी रेंजवर मारून बघा, काही पिस्तुलांना ती सपाट टोकं गिळायला जमत नाहीत आणि हे रानात कळून उपयोग नाही. महाग असतात, सगळी प्रॅक्टिस त्यावर करायची गरज नाही.

होल्स्टर

लोक गनवर हजार डॉलर खर्च करतात आणि होल्स्टर वीस डॉलरचं, ते पण सॅकच्या पट्ट्याखाली. पाठीवर सॅक असली की तिचा कमरेचा पट्टा बरोबर गनवर येतो, काढायला गेलात की अडकते. त्यावर उपाय म्हणजे छातीवरचं होल्स्टर, अलास्कात वसिला गावात बनणारं चामड्याचं गाईड्स चॉइस किंवा कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) केनाई अशी चांगली मिळतात. दुर्बिणीचा हार्नेस पण छातीवरच असतो, तो आणि हे एकमेकांवर येत नाहीत ना ते घरी सगळं सामान अंगावर चढवून, आरशासमोर, रिकाम्या गनने बघा. पळताना, झाडीत वाकताना ती पडता कामा नये आणि चापावर काही शिरता कामा नये, या दोन अटी.

आणि एल्क फाडायला बसलात की सॅक काढली तरी गन अंगावरच. तंबूत झोपताना पण हाताशी, ठरलेल्या एकाच जागी. दोघं असाल तर एकाने काम करावं, दुसऱ्याने उभं राहून बघावं, हे कुठल्याही गनपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

प्रॅक्टिस

पहिल्या दिवशी मॅग्नम हातात घेऊ नका. २२ कॅलिबरच्या हलक्या गनने सुरू करा, एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे, चार नियम पाठ नाही तर अंगात मुरेपर्यंत: प्रत्येक गन भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. मग ३८ स्पेशल किंवा साधी १० एमएम, मग शेवटी पूर्ण ताकदीची.

नवीन माणूस चुकतो तो बहुतेक एकाच कारणाने, धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच हात खाली झुकतो. मित्राला मधेच डमी काडतूस भरायला सांगा, तुम्हाला न सांगता. चाप ओढल्यावर आवाज झाला नाही आणि नळी खाली गेलेली दिसली की कळतं. हे जाईपर्यंत कॅलिबर वाढवू नका.

मग अंतर कमी करा, पंचवीस मीटरवर कागदावर नक्षी काढण्यात अर्थ नाही. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरने येतं, म्हणजे ३० मीटर दोन सेकंदांत. पाच, सात, दहा मीटर, होल्स्टरमधून काढून, दोन-तीन गोळ्या, आडव्या लावलेल्या वहीच्या पानात. मग एका हाताने. मग डाव्या हाताने, कारण उजवा अस्वलाच्या तोंडात असू शकतो. मग जागच्या जागी धावून धाप लागलेली असताना. होल्स्टरमधून काढणं बऱ्याच रेंजवर चालत नाही, तिथे ते घरी रिकाम्या गनने करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. घरात लहान मुलं असतील तर कुलूपबंद तिजोरी पाहिजेच, त्यावर चर्चा नको.

अस्वल दिसलं म्हणून लगेच गन काढून मारायची नसते हे पण प्रॅक्टिसमध्येच आलं पाहिजे. बऱ्याच वेळा ते धावून येतं आणि मधेच थांबतं, घाबरवण्यासाठी. पळायचं नाही, हळू बोलत मागे सरकायचं, स्प्रे हातात. खरंच अंगावर आलंच तर डोकं खाली घालून, हलत येतं, कवटी उतरती आणि कठीण, त्यामुळे सिनेमातल्यासारखं कपाळ शोधू नका, दिसतंय त्याच्या मध्यावर जरा खाली, आणि ते थांबेपर्यंत. खाली पाडलंच आणि तुमच्याकडे काही उरलं नाही तर ग्रिझली असेल तर पालथं पडून मानेवर दोन्ही हात, मेल्यासारखं; ब्लॅक बेअर असेल तर हातात येईल त्याने लढायचं.

प्रवास

विमानात गन चेक-इन सामानात जाते, रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, काउंटरवर सांगून. काडतुसं डब्यात, बऱ्याच एअरलाइनची पाच किलोची मर्यादा आहे. स्प्रे विमानात कुठेच चालत नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही, उतरल्यावर तिथे विकत घ्या आणि निघताना कुणाला तरी देऊन या. गाडीने अलास्काला जायचं असेल तर मधे कॅनडा आहे आणि कॅनडाने २०२२ मध्ये हँडगन आणायचं जवळपास बंदच केलंय, त्यामुळे हँडगन घेऊन तो रस्ता धरू नका.

रेंजवर किंवा शिकारीला वापरलेली बॅग भारतात नेऊ नका. अगदी रिकामी केली तरी अस्तरात, बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस राहतं, आणि मुंबई-पुण्याच्या विमानतळावर स्कॅनमध्ये ते दिसलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते. बंदूक नसली तरी होते. ती बॅग वेगळीच ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलं वेचायला गेलेल्या बायाबापड्यांवर अस्वल हल्ला करतं तेव्हा त्यांच्याकडे ना स्प्रे असतो ना काही. या लेखातलं तिकडे काहीही लागू होत नाही, शिकारीवरच १९७२ पासून बंदी आहे, त्याचे उपाय वेगळे आहेत.

गोळी चालवावी लागलीच तर

आधी तिथून लांब व्हा, पिल्लं किंवा दुसरं अस्वल जवळ असू शकतं. गन परत भरा. पडलेल्या अस्वलाजवळ जाऊ नका, जखमी असेल तर झाडीत मागे जाऊ नका. सुरक्षित जागी आलात की वॉर्डनला (वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला) फोन, रानात नेटवर्क नसतं म्हणून सॅटेलाइट मेसेंजर बरोबर ठेवा. अलास्का सोडून खालच्या राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवासाठी मारलं तर तो गुन्हा नाही, पण कळवायला पाहिजे, जागा जशीच्या तशी ठेवायला पाहिजे, उडालेली रिकामी काडतुसं पण उचलू नका. एल्कचं मांस वाचवायला अस्वल मारलं तर ते स्वसंरक्षण होत नाही, मांस सोडून द्यायचं. अलास्कात नियम अजून वेगळा: वन्यजीव खात्याला लगेच कळवायचं, १५ दिवसांच्या आत लेखी फॉर्म भरायचा, आणि ब्राउन बेअरचं नखांसकट कातडं आणि कवटी तुम्हीच काढून सरकारजमा करायची. म्हणजे धारदार सुरी आणि एक जोडी जास्तीचे ग्लव्ह सामानात असू द्या.